रंग बसेना

विद्यार्थ्यांच्या वहीतील चूक हुडकून तिच्याखाली तांबड्या शाईची रेघ ओढणे हा ज्याचा पस्तीस वर्षांचा व्यवसाय, त्याच्यावर उतारवयात स्वतःच्याच चुका हुडकण्याचा प्रसंग यावा आणि त्या चुकाही तांबड्या रंगाच्याच असाव्यात, हा दैवाचा विनोदच म्हटला पाहिजे. सन २०२४च्या डिसेंबरात व २०२५च्या जानेवारीत आम्ही संगणकापुढे बसून एका जुन्या छायाचित्रास रंग देण्याचा उद्योग केला. त्या उद्योगात आम्हांस जे शिकावयास मिळाले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढ्याच हेतूने ही लेखणी हाती धरली आहे. त्यातील काही भाग केवळ यंत्राच्या उपयोगाचा आहे. काही भाग मात्र घराघरांतील जुन्या तसबिरींशी आणि त्यांत उभ्या असलेल्या माणसांशी संबंध ठेवणारा आहे.

प्रथम आमचा अधिकार सांगतो, म्हणजे वाचकांची वृथा अपेक्षा होणार नाही. जुन्या अकरावीची परीक्षा, जिला आमचे वडील अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत, ती आम्ही १९७४ साली उतरलो. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन शाळामास्तर झालो. संस्कृत मात्र घरी वडिलांपाशी झाले. अमरकोश, रूपावली, लघुकौमुदी आणि थोडाबहुत तर्कसंग्रह एवढी आमची शिदोरी. संगणक शाळेत आला तेव्हा त्याच्यावर आच्छादन घालून कुलूप लावण्याचे काम आमच्याकडे होते. ते उघडण्याचे नव्हते.

निमित्त असे झाले की, आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणतो, त्यांचे सहस्रचंद्रदर्शन २०२५च्या माघात करावयाचे ठरले. आमचे कुटुंब अद्यापि एकत्र आहे; वाईच्या जुन्या घरात दोन भाऊ, मुले, सुना व नातवंडे मिळून चौदा माणसे एका चुलीवर जेवतो. समारंभाच्या दिवशी ओटीवर काय लावावे, असा प्रश्न निघाला, आणि माळ्यावरील पेटीतून १९३८ सालचे एक छायाचित्र बाहेर आले. आमच्या वडिलांच्या विवाहाच्या दुसऱ्या दिवशी काढलेले ते. मध्यभागी खुर्चीवर आजोबा. त्यांच्या मस्तकी पगडी, खांद्यावर उपरणे. शेजारी आजी. मागे नवरदेव झालेले वडील व सोळा वर्षांची आमची आई. पुढे जाजमावर मुले. आणि डाव्या कडेला, दाराच्या चौकटीला जवळजवळ चिकटून, डोक्यावरून पदर घेतलेली एक काळी आकृती. ती आमची आत्या. घरात लहानथोर सर्व तिला आक्काच म्हणत.

आमच्या नातवाने चित्र पाहून लगेच सांगितले, “आजोबा, हे रंगीत करता येईल.” त्याने प्रथम एका स्वयंचलित योजनेकडून ते रंगवून आणले. पाच पळांत काम झाले. परंतु आजोबांची पगडी करडी, आजीचे लुगडे निळसर आणि आक्काची आकृती मातकट अशी आली. यंत्राचा यात दोष नव्हता. त्याने लक्षावधी चित्रे पाहिलेली. त्यांवरून त्याने अनुमान केले. परंतु अनुमान म्हणजे स्मरण नव्हे. करड्या छटेवरून मूळ रंग निश्चयाने सांगता येत नाही. कारण काळ्यापांढऱ्या चित्रात अनेक रंगांची एकच करडी छटा होते. तेव्हा हाताने रंगवावे असे ठरले, आणि ज्याला दिवसभर दुसरे काम नाही अशा आमच्यावर ते येऊन पडले.

नातवाने ‘जिंप’ नावाचे साधन संगणकावर बसवून दिले. ते विनामूल्य आहे. १९९५ साली अमेरिकेतील बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते रचावयास घेतले आणि पुढे अनेकांनी वाढविले. या साधनाचा प्राण म्हणजे थर. मूळ चित्र तळाशी ठेवावयाचे आणि त्यावर जणू काचेचे स्वच्छ तावदान घालून त्या तावदानावर रंग भरावयाचा. चुकले तर तावदान काढून टाकावे. खालचे चित्र अभंग. ज्या वाचकांच्या देवघरात रविवर्म्याच्या छापाची जुनी लक्ष्मी किंवा सरस्वती असेल, त्यांस ही युक्ती अपरिचित नाही. १८९४ साली मुंबईत निघालेल्या व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या त्या छापखान्यात प्रत्येक रंगाची शिळा निराळी असे, आणि एका कागदावर एकामागून एक शिळा उमटून चित्र पुरे होई. आम्हांस स्वतःला तर्कशास्त्रातील स्फटिक आणि जास्वंदीचे फूल आठवले. फूल जवळ ठेवले की स्फटिक तांबडा दिसतो. दूर केले की जसाच्या तसा. थराचे मर्म एवढेच आहे.

मर्म समजले म्हणजे काम आले असे मात्र नाही. पहिल्या दिवशी आम्ही मोठ्या उत्साहाने तांबडा रंग निवडला, कुंचला पगडीवर फिरविला, आणि पगडी करडी झाली. पुन्हा तांबडा रंग घेतला, पुन्हा करडी. रंगाच्या पेटीत तांबडा स्पष्ट दिसत असता कागदावर करडा उतरावा, हे पाहून आमच्या डोळ्यांतील मोतीबिंदू पुन्हा वाढला की काय, अशी शंका आली. कारण पुढे कळले. दुकानदाराने चित्राची प्रत घेताना ती ‘ग्रेस्केल’ प्रकाराची घेतली होती. त्या प्रकारच्या चित्रात रंग ठेवावयास जागाच नसते; उजेड किती, एवढीच एक संख्या प्रत्येक बिंदूसाठी लिहिलेली असते. वर ‘इमेज’च्या यादीत ‘मोड’ म्हणून एक कलम आहे. तेथे ‘आरजीबी’ केले की प्रत्येक बिंदूस तांबड्या, हिरव्या व निळ्याच्या तीन संख्या मिळतात. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एका फितीची तीन छायाचित्रे तीन रंगांच्या गाळण्यांतून घेववून, ती एकावर एक पाडून रंग दाखविला होता. त्याच तिघांवर आजही सगळा संसार चालला आहे. ग्रेस्केल आहे की आरजीबी, हे चौकटीच्या माथ्यावरच लिहिलेले असते. पस्तीस वर्षे मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून बजावणाऱ्या आम्ही ते वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पगडी तांबडी झाली, परंतु तिच्या घड्या नाहीशा होऊन तिचे मडके झाले. रंग थरावर भरला होता, पण तो थर अपारदर्शक होता. यावर उपाय असा की, थराच्या यादीच्या माथ्याशी त्या थराची वृत्ती निवडावयाची असते. तेथे ‘एचएसएल कलर’ असे निवडले म्हणजे वरच्या थराचा फक्त रंग घेतला जातो आणि उजेड व सावली खालच्या चित्राची राहते. हे केले आणि पगडीच्या घड्या जागच्या जागी उमटल्या. त्या दिवशी आम्ही सौभाग्यवतींस हाक मारून चित्र दाखविले. “मामंजी अगदी असेच दिसत,” असे त्या म्हणाल्या. वस्तुतः त्यांनी आजोबांस कधी पाहिलेले नव्हते. परंतु उत्तेजन देण्याचा हा प्रकार आम्हांस परिचित आहे.

तिसरी अडचण अधिक चमत्कारिक. आईच्या शालूवर कुंचला फिरवावा तर काहीच होईना. ना रंग, ना डाग. दोन तास गेले. आदल्या दिवशी पगडीभोवती रेघ घालून आम्ही ती ‘सिलेक्ट’ केली होती आणि मोकळी करावयाचे विसरलो होतो. चित्र मोठे करून आईच्या शालूशी नेले असल्यामुळे पगडीभोवतीची ती हलती तुटक रेघ दृष्टीआड झाली होती. पण तिचा अंमल चालू होता. व्याकरणात अधिकारसूत्र म्हणून एक प्रकार असतो. ते एकदा सांगून ठेवले की पुढे दिसले नाही तरी त्याची सत्ता चालते, आणि ती कोठे संपते हे ठाऊक नसलेला विद्यार्थी हटकून फसतो. ‘सिलेक्ट’च्या यादीतील ‘नन’ म्हणताच अधिकार संपला आणि कुंचला चालू लागला.

चौथ्या दिवशी कडा साफ करण्यासाठी थराला ‘मास्क’ जोडला. हा मास्क म्हणजे थरावरचे झाकण. त्यावर काळे लावले की थर लपतो, पांढरे लावले की प्रकटतो. दुसऱ्या दिवशी आम्ही जांभळा रंग थरावर लावतो आहो असे समजून तो झाकणावर लावीत राहिलो. झाकणाला रंग कळत नाही, फक्त काळेगोरे कळते; म्हणून जांभळ्याऐवजी थर अर्धवट पुसट होऊ लागला. यादीत थर व झाकण यांची दोन लहान चित्रे शेजारी शेजारी असतात. ज्याच्याभोवती चौकट, ते चालू. मागे एकदा थराच्या पारदर्शक भागाचे कुलूप चुकून लावले गेले, तेव्हाही कोऱ्या जागी रंग धरेना. एकदा तर सर्व ठीक असून आमच्या थरावर दुसराच थर पालथा पडला होता.

इतक्या ठेचा खाल्ल्यावर आम्ही शाळामास्तराच्या वळणाप्रमाणे एक क्रम लिहून भिंतीला लावला. रंग बसत नसेल तर आधी चित्राचा प्रकार पाहावा. मग चालू थर कोणता ते पाहावे. तो वर आहे की झाकला गेला आहे ते पाहावे. मग सिलेक्शन, झाकण, कुलूप आणि शेवटी वृत्ती. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व काय होते ते पाहावे. नैयायिक ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात ते हेच: कारण असता कार्य होते का, आणि कारण काढून घेता कार्य नाहीसे होते का. चार गोष्टी एकदम बदलणारा मनुष्य कधी यशस्वी झालाच, तरी शहाणा होत नाही.

इकडे रंग कोणते द्यावेत यावर घरात रोज रात्री जेवणानंतर सभा भरू लागली. आईचा शालू जांभळा होता, कारण त्याच्या काठाचा तुकडा वहिनींपाशी आहे. आजीचे लुगडे दादांच्या मते अंजिरी, वहिनींच्या मते मोरपंखी. अखेर दादांच्या वाढदिवसाचा मान म्हणून अंजिरी ठरले. मुलांच्या सदऱ्यांविषयी कोणासच काही ठाऊक नसल्यामुळे त्यांवर एकमत लवकर झाले. राहिली आक्का. वस्तुतः साऱ्या चित्रात जिच्या वस्त्राचा रंग निःसंशय ठाऊक होता अशी ती एकटीच होती. तिच्यासंबंधी सभा मात्र निमूट बसली.

आक्का आमच्या वडिलांहून सहा वर्षांनी मोठी. जन्म १९०८चा. नवव्या वर्षी लग्न झाले, तेराव्या वर्षी कपाळ पांढरे झाले. आजोबांनी तिला माहेरी आणली, आणि त्या काळच्या आमच्यासारख्या घरांत जे होत असे ते सर्व झाले. केस गेले, बांगड्या गेल्या, आणि अंगावर तांबडे आलवण आले, ते १९७२ साली ती वारली तोपर्यंत उतरले नाही. विधवाविवाहाचा कायदा होऊन त्या वेळी पासष्ट वर्षे लोटली होती. महर्षी कर्व्यांचा आश्रम हिंगण्यास येऊन वीस वर्षांवर झाली होती, आणि वाईहून हिंगणे काही विलायतेत नव्हते. आजोबा कर्व्यांविषयी आदराने बोलत, असे वडील सांगत. आदराने बोलत, एवढेच.

वहिनी हळूच म्हणाल्या, “शुभकार्याची तसबीर आहे. त्या कडेलाच उभ्या आहेत. चौकटीत बसविताना दोन बोटे कमी केली तरी कोणाच्या ध्यानात यायचे नाही.”

वहिनी दुष्ट नाहीत. जे पाहिले तेच त्या बोलल्या. दादा बराच वेळ सुपारी कातरीत होते. ते म्हणाले, “मी तिच्या मांडीवर वाढलो. ती नसेल तर तसबीर लावू नका, आणि सोहळाही नको.”

तेव्हा आमची सूनबाई म्हणाली, “मग बाबा, त्यांना हिरवे लुगडे नेसवू या ना. इतकी वर्षे गेली. आता तर रंग आपल्या हातात आहे.” हे ऐकून वहिनींच्याही डोळ्यांत पाणी आले. कोणी ‘नको’ म्हणाले नाही. दादा उठताना आम्हांस म्हणाले, “रंगाचे तू पाहा.”

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी नवा थर घेऊन त्याला ‘आक्का’ असे नाव दिले आणि हिरवा रंग घेतला. तो बसेना. भिंतीवरचा क्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनदा तपासला. सर्व ठीक होते. त्याच थरावर शेजारच्या दाराच्या चौकटीला हिरवे लावून पाहिले, तर चौकट तत्काळ हिरवी झाली. आक्कावर मात्र नाही. हिरवा जाऊ द्या, तांबडा घेतला, तोही नाही. आकृती काळी ती काळीच. वहिनी मागून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “भावोजी, त्यांनाच नको असेल हो.” आम्ही असल्या गोष्टींवर विश्वास ठेवीत नाही, तरी त्या सकाळी संगणक बंद करून आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो, हे कबूल केले पाहिजे.

घाटावर बसल्या बसल्याच उलगडा झाला. थर तोच, कुंचला तोच, वृत्ती तीच; चौकट रंग घेते, आक्का घेत नाही. म्हणजे व्यतिरेक थरात नसून खालच्या चित्रात असला पाहिजे. ‘कलर’ वृत्तीत उजेड खालच्या चित्रातून येतो. खाली उजेडच नसेल तर? काळ्याचा तांबडा होत नाही आणि हिरवाही होत नाही. रंग दिसावयास थोडा तरी प्रकाश लागतो. आणि तेथे इतका काळोख का, हेही ध्यानात आले. जुन्या काळच्या छायाचित्राच्या काचांना निळा रंग फार लवकर कळे. १८७३ साली फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने शोधलेल्या युक्तीने पुढे हिरवाही कळू लागला. तांबडा मात्र त्यांस दिसतच नसे. म्हणूनच छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा चाले. सर्व रंग जाणणाऱ्या काचा १९०६पासून विकत मिळू लागल्या. तथापि तांबड्यास आंधळ्या असलेल्या काचा व फिती पुढेही पुष्कळ वर्षे वापरात होत्या, आणि आमच्या चित्रावरून ते त्याच जातीचे असावे असे दिसते. आजोबांच्या पगडीवर ऊन होते म्हणून ती निभावली. आक्का दाराच्या सावलीत उभी, आणि अंगावर आलवण. चित्र काढणाऱ्या यंत्राला ती जवळजवळ दिसलीच नव्हती.

घरी येऊन आम्ही मूळ चित्राची दुसरी प्रत थर म्हणून वर घेतली, आक्काची आकृती तेवढी सिलेक्ट केली, आणि ‘कर्व्हज्’ नावाची जी वाकविता येणारी रेघ असते ती काळोखाच्या टोकाशी हळूहळू वर उचलली. प्रथम नुसती दाणेदार राख दिसली. मग पदराची कड दिसली. मग आलवणाच्या घड्या दिसल्या. आणि मग, जेथे आजवर सर्वांस नुसती काळी जागा दिसत होती तेथे, एक हात दिसला.

तो हात कोपरात वाकून पुढे आला होता आणि त्याच्या बोटांनी दुसरे एक लहान मनगट धरले होते. जाजमाच्या डाव्या टोकाशी आमचे धाकटे काका उभे आहेत. तेव्हा ते सात वर्षांचे. सर्व मुले समोर पाहत असता ते एकटे मान वळवून कडेला पाहत आहेत, यावरून घरात त्यांची जन्मभर थट्टा होत आली. “छायाचित्र काढायच्या वेळीसुद्धा याचे लक्ष नाही,” असे आजी म्हणत. काकांचे लक्ष होते. ज्या बहिणीने त्यांना लहानाचे मोठे केले, तिने त्यांचा हात धरला होता, आणि ते तिच्याकडे पाहत होते. काका २००९ साली वारले. त्यांना हे दाखविता आले नाही याची चुटपुट राहून गेली.

आता दोन्ही रंग बसू लागले. आम्ही दोन थर केले. एकावर हिरवे लुगडे, एकावर आलवण. यादीत थराच्या नावाशी डोळ्याचे चिन्ह असते. ते मिटले की थर लपतो, उघडले की दिसतो. रात्री सर्व निजल्यावर आम्ही हिरवा थर उघडला. खोटे कशास सांगावे, आक्का फार सुंदर दिसली. तीस वर्षांची बाई ती. त्या हिरव्यात ती आमच्या आईची थोरली बहीण शोभती. बराच वेळ आम्ही तसेच पाहत बसलो.

परंतु पाहता पाहता एक गोष्ट आठवली. आम्ही दहा वर्षांचे असू. दिवाळीत घरातील सर्व बायकांना लुगडी आली, तेव्हा आम्ही विचारले होते, “आक्का, तू नेहमी एकाच रंगाचे का ग नेसतेस?” तिने वाती वळता वळता उत्तर दिले, “रंग निवडायची दगदग देवाने माझी वाचवली, बाळ.” आम्हांस ते खरे वाटले. ती हसली होती, म्हणून अधिकच खरे वाटले.

१९२१ साली तिला न विचारता तिचा रंग ठरविण्यात आला. शंभरावर वर्षे लोटल्यावर आम्ही पुन्हा तिला न विचारताच तो ठरवीत होतो. पहिल्या वेळी शास्त्र म्हणून, दुसऱ्या वेळी दया म्हणून. निवड तिची दोन्ही वेळा नव्हती. आणि आमची दया तरी निखळ होती काय? हिरवे लुगडे नेसविल्याने तिला काय मिळणार होते? मिळणार होते ते आम्हांस. ओटीवर येणाऱ्या पाहुण्यांस हिरव्यातील एक प्रसन्न बाई दिसली असती, आणि ती कडेला का उभी आहे असे कोणी विचारले नसते. पन्नास वर्षे तिने ज्यात काढली ते वस्त्र आम्ही दोन बोटांच्या हालचालीने नाहीसे करून आजोबांस, वडिलांस आणि आम्हां स्वतःस निर्दोष ठरविले असते. चुकीखाली तांबडी रेघ ओढण्याऐवजी ती चूकच खोडून पान स्वच्छ करून दाखविणारा विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांस आम्ही कधी गुण दिले नाहीत.

आम्ही हिरव्या थराचा डोळा मिटला आणि आलवणाचा उघडला. फक्त काळोख उचलला होता तो तसाच ठेवला, म्हणजे चेहरा व हात दिसावा. सकाळी सूनबाईस दोन्ही दाखवून आमचे म्हणणे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “हात दिसतोय, ते बरे झाले.” वहिनींनी चित्र दोनदा डोळ्यांशी नेले आणि दोन बोटे कापण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही.

माघात सोहळा झाला. तसबीर ओटीवर लागली. दादांना ओवाळून झाल्यावर आमच्या सात वर्षांच्या नातीने सर्वांदेखत विचारले, “आजोबा, ही लाल लुगडेवाली कोण?” ओटीवर क्षणभर शांतता झाली. मग दादांनी तिला जवळ घेतले, आणि आजवर आमच्या घरात कोणी मुलांना सांगितली नव्हती ती हकीकत, तिला समजेल अशा शब्दांत पण काही न वगळता, सांगितली. पाहुणे ऐकत होते. सांगताना दादांचा आवाज दोनदा बसला. तिसऱ्यांदा वहिनींनी पुढचे सांगितले.

वाचकांस शेवटी एवढेच सुचवितो. आपल्या माळ्यावरही अशी एखादी पेटी असेल. मूळ छायाचित्रास हात न लावता त्याची प्रत घ्यावी, ती रंगीत प्रकाराची घ्यावी, आणि रंग भरावयाचा तो निराळ्या थरावर भरावा. परंतु त्याआधी घरातील वडील माणसांस एकेका वस्त्राचा रंग विचारून लिहून ठेवावा. कारण तो दुसऱ्या कोणापाशी नाही, आणि आठवण फार दिवस थांबत नाही. चित्राचा जो भाग काळा राहतो आणि कोणताच रंग घेत नाही, तेथे कुंचल्याला बोल न लावता आधी थोडा उजेड करून पाहावा. तेथे कोण उभे आहे ते कळेल.

हिरवा थर आम्ही पुसलेला नाही. तो संगणकात आक्काच्या नावाने आहे. त्याचा डोळा मिटलेला आहे.